‘धक्का बसला’चं इंग्रजी

आमच्या गल्लीत ‘शॉक’ या शब्दाचा उच्चार कुणालाच धड जमायचा नाही. आई शाक म्हणायची. रेडिओची पिन लावताना शाक लागला, असं ती बोट चोखत सांगायची आणि मला हसू आवरायचं नाही, कारण शाक म्हणजे भाजी. शेजारच्या काकू शोक म्हणायच्या, ते त्याहून वाईट. कोपऱ्यावरचा सायकलवाला सगळं हिंदीत बोलायचा, त्याला जो लागायचा तो शौक. मी नववीत होते, वर्गात इंग्रजीत पहिली, आणि नाक वर करून सगळ्यांना सुधारत फिरायचे. ओठ गोल करा, म्हणायचे, आणि मग म्हणा शॉक, वर अर्धचंद्र आहे त्याच्या. काकू म्हणायच्या, "बाई गं, लागतो तेव्हा तोंड वाकडं होतं, गोल कसं करू?"

हे सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडचं. सातपूरच्या कारखान्यांच्या अलीकडे एका कॉलनीत आम्ही राहायचो. कॉलनी आपली म्हणायची म्हणून, बाकी पत्र्याच्या खोल्या, मध्ये नळ आणि नळावर भांडणं. माझे वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो, एका लहानशा वर्कशॉपमध्ये हेल्पर होते. पेठकडच्या डोंगरातून आलेला माणूस, सहावीत शाळा सुटलेली, तोंडातून शब्द काढायला आईला खणती घ्यावी लागायची. शेजारच्या काकूंचे यजमान त्याच वर्कशॉपमध्ये वायरमन होते. ते कळवणकडचे, आणि त्यांचं तोंड बंद करायला खणती घ्यावी लागायची. मोटारी, बोर्ड, स्विच, सगळं त्यांच्याकडे. शर्टाच्या खिशाला पेन लावावं तसा टेस्टर लावायचे. अजून टेंपररी होते. दोन महिन्यांत पर्मनंट होणार होते आणि काकूंनी पेढे कुठून आणायचे तेही ठरवून ठेवलं होतं.

मी गल्लीची इंग्लिश मड्डम. हे नाव वायरमनकाकांनीच पाडलेलं. कुणाला कारखान्यातून इंग्रजीत कागद आला की तो माझ्यापुढे यायचा. मी आधी तो मोठ्यानं इंग्रजीत वाचायचे, सगळे माना डोलवायचे, मग मी अर्थ सांगायचे. त्या अर्थात कागदातलं किती आणि माझ्या पदरचं किती, ते आता विचारू नका. उथळ पाण्याला खळखळाट फार, तशातली गत होती. पण मला कुणी अडवलं नाही, कारण अडवायला इंग्रजी यावं लागतं.

एके दिवशी शाळेतून आले तर नळावर बायका होत्या आणि सगळ्या गप्प होत्या. आमच्या नळावर हे कधी घडत नसे. एक जण म्हणाली, "आप्पांच्या मशिनवर हात गेला गं." कुणाचा, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारायला थांबले नाही. पळत घरी गेले. आप्पा खाटेवर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. मी आधी हात बघितले. दोन्ही होते. मला इतकं बरं वाटलं की ज्याचा गेला त्याची आठवणच झाली नाही. त्या बरं वाटण्याची मला अजून लाज वाटते.

हात गेला होता आप्पांच्या कामावरच्या जोडीदाराचा. पत्रा वाकवायचं मशिन होतं ते, एकावर एक असे लोखंडी रोलर. दोन माणसांचं काम. जोडीदार इकडून पत्रा आत सारायचा, आप्पा पलीकडून बाहेर धरायचे, आणि मशिन बंद करायचा स्विच आप्पांच्या बाजूला. पत्र्याबरोबर जोडीदाराची बोटं आत गेली. तेवढ्यात स्विच पाडला असता तर बोटांवर भागलं असतं. शेजारच्या शेडमधली माणसं आरडाओरडा ऐकून धावत आली आणि त्यांनी स्विच पाडला, तोवर कोपरापर्यंत गेला होता. आप्पा म्हणे स्विचच्या शेजारीच उभे होते. डोळे फाडून, खांबासारखे. सगळ्यांनी बघितलं.

जोडीदार दवाखान्यात. त्याला विचारलं तर म्हणाला, मला काही आठवत नाही. साहेबांनी मग आप्पांना धरलं. स्विच हाताशी असून का पाडला नाही, दोन दिवसांत लेखी द्या, नाहीतर घरी बसा. साहेब मराठी नव्हते, आणि सरकारी इन्स्पेक्टरला कागद दाखवायचा होता, म्हणून लिहायचं ते इंग्रजीत.

संध्याकाळी मी वही घेऊन बसले. मला भीती वाटत होती हे खरं, पण त्याच्या आड थोडा आनंदही होता. आतापर्यंत लोकांचे कागद वाचत होते, आता माझा कागद साहेब वाचणार होते.

"आप्पा, स्विच का नाही पाडला तुम्ही?"

आप्पा जमिनीकडे बघत राहिले. त्यांचे डोळे लाल होते. आदल्या पाळीचा गडी आला नव्हता म्हणून दोन पाळ्या लागोपाठ करून आले होते, वर हे झालेलं. मी पुन्हा विचारलं तर आईच माझ्यावर खेकसली, "का म्हणून काय विचारतेस? डोळ्यादेखत माणसाचा हात गेला. धक्का बसला असेल त्यांना. हातपाय गळाले असतील. हो ना हो?"

आप्पांनी मान हलवली. "लिही तसं," म्हणाले.

आता ‘धक्का बसला’ला इंग्रजी आणा. पहिल्यांदा मी ‘आय वॉज सरप्राइज्ड’ लिहिलं, कारण निबंधाच्या पुस्तकात ‘आश्चर्याचा धक्का बसला’च्या पुढे तेच होतं. मग आठवलं, आमच्या धड्यातली मुलगी वाढदिवसाचे फुगे बघून सरप्राइज्ड झाली होती. हात तुटलेला बघून माणूस सरप्राइज्ड कसा होईल? ते खोडलं. मग सुचला शॉक. माझा लाडका शब्द. आता तो बसवायचा कसा? मराठीत धक्का ‘बसतो’. राग येतो, भूक लागते, धक्का बसतो, आपल्याकडे सगळं बाहेरून येऊन माणसाला गाठतं. म्हणून मी ‘गॉट’ घेतलं. आणि तीन वाक्यं लिहिली, ती मला या वयातही झोपेतून उठवून विचारा. आय वॉज स्टँडिंग निअर स्विच. आय गॉट शॉक. माय हँड्स अँड लेग्ज डिड नॉट मूव्ह.

आप्पांनी खाली मराठीत सही केली. मी वाचून दाखवू का म्हटलं, तर नको म्हणाले.

आणि जादू झाली. साहेबांनी कागद ठेवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी आप्पांना म्हणाले, जाव, काम करो. एवढंच. आईनं मला जवळ घेतलं. मी वर्गात सांगितलं की माझ्या इंग्रजीनं आमच्या वडिलांची नोकरी वाचवली. आप्पा मात्र जेवेनात. दोन घास खाऊन ताट सारायचे. जोडीदाराचं मनाला लागलंय, असं आई म्हणायची, आणि मला ते पटायचं.

आठवड्यानं वायरमनकाका लिफाफा घेऊन आले. काकू मागे, हात पदराला पुसत, तोंडभर हसू. "चला मड्डम, वाचा. पर्मनंटचा दिसतोय. लवकरच आला." आप्पा आतल्या बाजूला जेवत होते. मी लिफाफा फोडला, उभी राहिले आणि नेहमीसारखं मोठ्यानं इंग्रजी वाचायला सुरुवात केली. वर काकांचं नाव, खाली टाइप केलेल्या ओळी. काका माझ्या तोंडाकडे बघून मान डोलवत होते. दुसऱ्या ओळीत स्विचबोर्ड आला. तिसऱ्या ओळीत माझंच वाक्य आलं.

थक्क, अवाक, सर्द, गार, चाट, हबकणे, थिजणे, एवढे शब्द आपल्याकडे आहेत आणि पुढं मी ते जन्मभर वर्गात फळ्यावर लिहिले. त्या क्षणी माझं यातलं काय झालं ते मला सांगता येत नाही. माझा आवाज बंद झाला एवढं खरं. कागदात लिहिलं होतं की हेल्परच्या जबानीप्रमाणे तो स्विचपाशी उभा असताना त्याला शॉक बसला, त्याचे हातपाय हलेनात, म्हणून मशिन बंद करता आलं नाही. बोर्डची देखभाल वायरमनकडे. सबब त्याला आजपासून कामावरून बंद करण्यात येत आहे, काही सांगायचं असेल तर लेखी सांगावं.

साहेबांच्या जागी कुणीही असतं तर त्यानं हेच वाचलं असतं. स्विच, शॉक, हातपाय हलेनात. वर्कशॉपमध्ये शॉक म्हणजे करंट, दुसरा अर्थ तिथं कुणाला ठाऊकच नव्हता. मी एवढी शाळा शिकलेली, मला तो करंटचा अर्थ तिथं दिसला नाही.

"अगं, थांबली का? अवघड शब्द हाय का?" काका म्हणाले.

खोटा अर्थ सांगायचं मनात आलं होतं, ते कबूल करते. दोन मिनिटं पेढे खाऊ द्यावेत त्यांना, मग बघू. पण काकू इतक्या आशेनं बघत होत्या की जीभच वळेना. मी सांगितलं. जसं होतं तसं, एकही शब्द पदरचा न घालता.

काकांचं हसू जायला वेळ लागला. ते आधी मलाच म्हणाले, "नीट वाच. माझ्या बोर्डाला करंट? रोज टेस्टर लावतो मी." मग ते आत वळले. "आप्पा, तुला करंट बसला? मला बोलला नाय तू."

आप्पांचा घास हातातच होता. "नाय बसला," म्हणाले.

"मंग हे कुणी लिवलं?"

"काका, मी लिहिलं," मी म्हणाले, आणि रडायला लागले. रडत रडत समजावलं. करंट नाही, धक्का. मनाला बसतो तो. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे. काका ऐकत होते की नाही कोण जाणे. काकूंनी मात्र सगळं ऐकलं. त्या आप्पांकडे वळल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, उद्या जाऊन सांगाल ना? आमचं घर उठतंय." आप्पा हो म्हणाले. ताट तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपला सुट्टी होती, म्हणून तो दिवस वाट बघण्यात गेला. मी आमच्या इंग्रजीच्या सरांच्या घरी गेले. सर अविवाहित, खोलीभर पुस्तकं, आणि शब्दाचं मूळ सापडलं की चहा विसरणारा माणूस. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी कपाळावर हात मारला. "आय वॉज शॉक्ड लिहायचं होतंस, बाई. वॉज! गॉटनं घात केला." मग जाडजूड डिक्शनरी काढली आणि शॉकचं मूळ दाखवलं. शब्द फ्रेंचांकडून आलेला, मूळचा लढाईतला. दोन फौजा धावत येऊन एकमेकींवर आदळतात, तो शॉक. मनाचा धक्का पुढं आला, विजेचा त्याच्याही नंतर. "म्हणजे बघ," सर म्हणाले, "त्यांनीही आधी अंगावर आदळणारा धक्काच धरला आणि मग तो मनाला लावला. आपण केलं तेच. विजेचा अर्थ तर सगळ्यांत धाकटा." सरप्राइजही तसाच निघाला, मुळात बेसावध गाठून घातलेला छापा. फुगेबिगे नंतरचे.

मला हे इतकं आवडलं की मी कशासाठी आले होते तेच विसरले. तिकडं काकूंच्या घरी चूल पेटली नव्हती आणि मी डिक्शनरी छातीशी धरून, उद्या साहेबांना काय काय ऐकवायचं ते पाठ करत घरी आले. माझा मलाच आता राग येतो. पण तेव्हा मी खूश होते. घरी आप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते. "तू नको येऊ उद्या," म्हणाले. मी म्हटलं, चूक माझी आहे, मीच निस्तरणार.

सकाळी आम्ही तिघं गेलो. काकांना गेटवर थांबवलं, आप्पांना आणि मला आत घेतलं. साहेबांची लहानशी केबिन, कोपऱ्यात टायपिस्ट, टेबलावर माझा कागद. शाळेच्या गणवेशातली मुलगी डिक्शनरी घेऊन आलेली बघून साहेबांना गंमतच वाटली असावी. त्यांनी मला बोलू दिलं. मी हिंदी, इंग्रजी, जे येईल त्यात सांगितलं. मराठीतला धक्का, इंग्रजीतला शॉक, फौजा, फ्रेंच, वॉज आणि गॉट. डिक्शनरीतल्या ओळीवर बोट ठेवून दाखवलं. साहेबांनी चष्मा लावून ती ओळ वाचलीसुद्धा.

"मतलब, करंट नहीं था. ये डर गया था."

"यस सर," मी म्हणाले.

"डर गया तो डर गया. किसी को भी होता है." त्यांनी टायपिस्टला खूण केली. वायरमनची नोटीस मागे घ्या, उद्यापासून कामावर. आणि आप्पांना म्हणाले, तुम भी जाव.

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. एका शब्दानं काकांचं घर बुडवलं होतं, त्याच शब्दानं मी ते वर काढलं होतं. मी डिक्शनरी मिटली. आप्पांकडे बघितलं, तर ते जागचे हलले नव्हते.

साहेब टायपिस्टला पुढचं सांगत होते. इन्स्पेक्टरच्या कागदात काय घालायचं ते. मशीन ठीक, बोर्ड ठीक, दोनों आदमी अपनी जगह पे. तो गलती हाथवाले की. लापरवाही लिखो. मला तेवढं हिंदी कळत होतं. आप्पांनाही कळत होतं.

"साब," आप्पा म्हणाले, "उसकी गलती नहीं."

साहेबांनी वर बघितलं.

"मैं जगह पे नहीं था. मेरी डबल ड्यूटी हुई थी. वो बोला, तू पाच मिनट लेट जा, मैं दो पत्रे अकेला निकालता." आप्पांना इतकं सलग बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "मैं पेटी के पीछे सोया था. उठके स्विच के पास आया, तब तक हाथ गया था."

टायपिस्टचे हात थांबले. मी आप्पांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांनी धक्का हा शब्द कधी उच्चारलाच नव्हता, हे मला तेव्हा कळलं. तो आईनं दिला होता, मी इंग्रजीत घातला होता, आणि मग आम्ही सगळ्यांनी मिळून तो नीट केला होता.

आप्पा माझ्याकडे वळले. साहेबांना कळू नये म्हणून की हिंदी संपलं म्हणून, माहीत नाही, पण पुढचं मराठीत बोलले. "तो हाका मारीत व्हता मला. मला आधी सपान वाटलं."

साहेबांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, लिखो. त्या वाक्याला डिक्शनरी लागत नव्हती. आय वॉज स्लीपिंग, मी लिहिलं, आणि खाली आप्पांनी मराठीत सही केली. मग साहेबांनी हात पुढे केला, आणि आप्पांनी वरच्या खिशातून कामाचा रोजचा गेटपास काढून त्यांच्या हातात दिला.